कवळीनं फोडलेली सुपारी

आमच्या भावकीत लग्न जमतं ते माझ्या दातांनी. आणि माझ्या तोंडात एकही दात नाही.

नीट सांगतो, नाहीतर लोक उलटसुलट पसरवतात (पसरवलंच आहे). इकडं मावळात लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसतात आणि सुपारी फोडतात. सुपारी फुटली की शब्द पक्का. बाकीचं गाव ती अडकित्त्यानं फोडतं. आमच्या कुरवंड्याच्या भावकीत मात्र घरातला सगळ्यात वडील माणूस ती दातानं फोडतो. ही चाल फार पुरातन वगैरे नाही. आमच्या आत्याच्या वेळी अडकित्ता घरी विसरला, पाहुणे घाईत होते, तेव्हा माझ्या आजोबांनी सुपारी दाढेखाली घालून कट्‌कन फोडली. तेव्हापासून अडकित्ता बाहेर काढणं आमच्यात कमीपणाचं. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर मी. माझ्यानंतर नंबर चुलतभाऊ सोपानचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि गेली दहा वर्षं माझ्या दातांवर डोळा ठेवून आहे. मी शिंकलो तरी तो आधी माझं तोंड बघतो.

दात जायला सुरुवात झाली लोणावळ्यात. चिक्कीवाल्यानं "आबा, चाखून बघा" म्हणून तुकडा हातावर ठेवला. आम्ही इथं जन्मलो, चिक्की पाहुण्यांनी खायची असते हे मला कळायला हवं होतं. पण फुकटची वस्तू परत करणं आमच्या रक्तात नाही. दाढ चिक्कीत राहिली. तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही हलायला सुरुवात केली, एक मेंढरू कुंपणावरून उडालं की सगळी उडतात तसं.

मग लोणावळ्यातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. बाई पोरगेली, पण हात पैलवानाचा. घरात कुणाला न सांगता, 'तहसीलला काम आहे' म्हणून मी वडगावच्या नावानं निघायचो आणि लोणावळ्यात उतरून दात काढून यायचो. (घरच्यांना वाटलं, सातबारा फारच बिघडलाय.) माप घ्यायच्या दिवशी बाईंनी माझ्या तोंडात गुलाबी लगदा कोंबला, तो दाबून धरला, आणि मग निवांत विचारलं, "आबा, कुरवंड्यात एखादी जागा आहे का हो विकायला?" जागा विकायची का, असं मला रोज कुणीतरी विचारतं आणि रोज मी चोख उत्तर देतो. उत्तर न देता नुसता बघत बसलो असा तो आयुष्यातला एकच प्रसंग.

तर कवळी आली. वरची आणि खालची. घरी सांगितलं, दात घासायचा नवा ब्रश आणलाय, म्हणून चमकतात. आमची म्हातारी पन्नास वर्षं माझ्याबरोबर राहिलेली. ती फक्त भाकरी मऊ करायला लागली.

आता दुसरं दुखणं. नात अश्विनी वडगावला बँकेत कामाला आहे, तिनं मला मोबाईल दिला आणि त्यात तीन दुकानं उघडून दिली. एक हिरवं, एक निळं आणि एक रंगीबेरंगी. नावं मला पाठ आहेत, पण घेणार नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला. हिरव्यात भावकीचा ग्रुप, गावाचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप आणि सोयऱ्यांचा ग्रुप. एकाला सकाळचा नमस्कार घातला आणि दुसऱ्याला राहिला की तो तोंड फिरवून जातो. पूर्वी पहाटे उठून मी धार काढायचो. आता आधी नमस्कार वाटत बसतो, गाय तिकडं हंबरत असते. निळ्यात शिरायला गेलं की ते विचारतं, तुम्ही यंत्र आहात की माणूस? आणि माणूस असाल तर चित्रातले सिग्नल दाखवा म्हणतं. आमच्या कुरवंड्यात सिग्नल कुठून आणू? तीनदा चुकलो. निळ्याच्या हिशोबानं मी अजून माणूस ठरलेलो नाही. पण अश्विनीनं आत सोडून दिलंय, म्हणून असतो तिथं.

एवढ्यात अश्विनीचंच लग्न ठरलं. मुलगा वडगावचा, घराणं चांगलं, रविवारी सुपारी. माझ्या पहिल्या नातीची सुपारी! ती मी नाही फोडायची तर कुणी? पण कवळी उजव्या बाजूला अशी टोचायची की नुसतं 'राम' म्हणताना डोळ्यांत पाणी. बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, शनिवार-रविवार गर्दीत येऊ नका, कुठं टोचतंय ते बोट दाखवून व्हिडिओ करा आणि मला पाठवा.

केला. गोठ्यात जाऊन, दार लावून केला. कवळी काढून हातात धरली, हिरडी दाखवली आणि स्पष्ट बोललो, "बाई, हितं टोचतंय. रविवारी नातीची सुपारी दातानं फोडायची हाय. घट्ट बसंल असं कायतरी सांगा. आन् ह्यातलं कुणाला कळता कामा न्हाई." मागं आमची गाय रवंथ करत होती. तिला जन्मापासून वरचे पुढचे दात नाहीत, पण तिला त्यावरून कुणी कधी बोललेलं नाही.

व्हिडिओ बाईंना जायच्या ऐवजी माझ्या स्टेटसला लागला.

स्टेटस म्हणजे काय, तर आपल्या दारावर पाटी लावायची आणि ती गावानं आपापल्या घरी बसून वाचायची. अर्ध्या तासात गाव वाचून मोकळं झालं. पहिल्यांदा शेजारीण आली आणि म्हातारीला विचारून गेली, की आबांचं दुखणं कसंय. मग अश्विनीचा वडगावहून फोन आला, आबा, ते काढा. मी म्हटलं, तूच काढ, मला लावलेलंच माहीत नाही तर काढू कसं? तिनं फोनवरूनच कुठं दाबायचं ते सांगून काढायला लावलं. पण तोवर सोपाननं तो उतरवून भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. भावकीतून तो निळ्यावर गेला. रंगीबेरंगीवर कुणीतरी त्याला ढोलकी लावली. सोयऱ्यांच्या ग्रुपवर तर मुलाच्या आत्यानं खाली अंगठा दिला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा, ह्यावर आमच्या ओट्यावर दोन तास चर्चा झाली.

बाईंना व्हिडिओ शेवटी पोचला, पण माझ्याकडून नाही, त्यांच्या कामवाल्या मावशींकडून. उत्तर आलं: कवळीनं सुपारी फोडायची नाही, केळं खा. आता केळं सोलून काय लग्न जमवायचं?

संध्याकाळी सोपान आला. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा, पण आतून बत्तीस दात हसत होते. म्हणाला, "दादा, मनाला लावून घिऊ नगंस. वय कुणाला चुकलंय? रविवारी मी फोडतो."

"सोपाना," मी म्हटलं, "चाल काय हाय? वडील माणसानं फोडायची. दात असलेल्या माणसानं फोडायची, असं कुटं म्हनलंय?"

म्हातारी आतून म्हणाली, "अडकित्ता घ्या की. तीन पिढ्या फळीवर गंजत पडलाय बिचारा."

मी तिच्याकडं असं बघितलं की ती परत आत गेली. (खरं म्हणजे दूध उतू चाललं होतं म्हणून गेली.)

रविवार उजाडला. वडगावची मंडळी अकराला येणार होती, ती लोणावळ्यातल्या गाड्यांत अडकून दीडला पोचली. सगळे भुकेले. पण सुपारी फुटल्याशिवाय पान वाढत नाहीत. मी फेटा बांधून मधोमध बसलो. भोवती दीडशे माणूस, आणि दीडशेच्या दीडशे मोबाईल माझ्या तोंडावर रोखलेले. आजोबांनी सुपारी फोडली तेव्हा बघायला बारा माणसं होती, त्यातली चार आंधळी. माझ्या नशिबी हे आलं.

सोपान अगदी शेजारी बसला होता, वेळ आली तर सुपारी उचलायला. एका हातात मोबाईल, दुसरा मोकळा.

देवाचं नाव घेतलं, सुपारी डाव्या दाढेखाली सरकवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

कट्‌!

असा आवाज झाला की मागच्या रांगेतलं पोर दचकून रडलं. "फुटली, फुटली!" म्हणून मंडळी ओरडली, टाळ्या पडल्या, बायकांनी अश्विनीला कुंकू लावायला घेतलं. सगळं पार पडलं. अडचण एवढीच होती, की सुपारी माझ्या जिभेवर सबंध होती. फुटली होती ती कवळी, खालची, मधोमध.

मी तोंड मिटलं. मनाशी ठरवलं, आता हे तोंड पाहुणे वडगावला पोचेपर्यंत उघडायचं नाही. लोकांनी नमस्कार केले, मी हात वर केला. फोटो काढले, मी मान डोलावली. सोपान कानाशी येऊन म्हणाला, दादा, तुकडं दाव. मी त्याच्याकडं प्रेमानं बघितलं. उभ्या जन्मात मी त्याच्याकडं तसं बघितलेलं नाही, त्यामुळं त्याचा संशय पक्का झाला.

आणि मग मुलाचे आजोबा उठले. तात्या म्हणतात त्यांना. हातात पेढा. नव्या व्याह्यानं भरवलेला पेढा नाकारायचा म्हणजे सोयरीक नाकारायची, हे मावळातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मी पेढा हातात घ्यायला गेलो. तात्या म्हणाले, हातात नाही, तोंडात. मी मान हलवली. मुलाच्या आत्याचा चेहरा बदलला. (अंगठा दिला होता तीच ती.) तात्यांचा हात पेढ्यासकट तसाच हवेत.

मी अश्विनीकडं बघितलं. तिच्या कपाळावर ओलं कुंकू होतं आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. पोरीला सगळं कळलं होतं. तिनं हळूच मान हलवली, उघडू नका म्हणून. माझ्या मानासाठी पोर स्वतःची सोयरीक टांगणीला लावत होती.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मान गेला खड्ड्यात म्हटलं, आणि तोंड उघडलं.

तात्यांनी पेढ्याखाली दुसरा हात धरला होता. त्या हातावर आधी सबंध सुपारी पडली, मग कवळीचा उजवा भाग, मग डावा. तात्यांनी तिन्ही जिनसा निरखून पाहिल्या. दीडशे मोबाईल आणखी जवळ सरकले. मग त्यांनी सुपारी आपल्या खिशात टाकली, कवळी माझ्या हातात ठेवली, पेढा माझ्या तोंडात घातला आणि मंडपाला ऐकू जाईल असं बोलले, "आवाज आमी ऐकला. सुपारी फुटली का दात फुटलं, ते तुमचं घरचं. आमच्या बाजूनं पक्कं. आता जेवायला वाढा."

हसता हसता पंगत बसली. मला वरणभात.

इथं संपायला हवं होतं. पण सोपान! रात्री त्यानं भावकीच्या ग्रुपवर मतदान लावलं: 'आबांची सुपारी – फुटली / नाही फुटली.' माझा मान आता मतावर! मी तत्काळ मत दिलं आणि सकाळची वाट बघत बसलो. सकाळी बघतो तर सगळ्या भावकीनं, पार दुबईतल्या पुतण्यानंसुद्धा, 'फुटली' म्हटलेलं. आणि 'नाही फुटली'ला एक मत.

एक! माझं डोकं फिरलं. सोपानच, दुसरा कोण? नाव न घेता मी तीन मिनिटांचं बोलणं भरून पाठवलं. कवळी नव्हती तरी शब्दन्‌शब्द कळावा म्हणून सावकाश बोललो. "भावकीत एक फितूर हाय. ज्यानं ते मत टाकलं त्यानं माझ्या मयताला यायचं न्हाई. आला तर मी तिरडीवरनं उठून जाईन." भावकीला पाठवलं, गावाला पाठवलं, भजनी मंडळाला पाठवलं आणि सोयऱ्यांनाही पाठवलं, म्हणजे कुणी राहायला नको.

दहा मिनिटांत सोपान दारात. शपथेवर सांगू लागला, की त्यानं 'फुटली'च म्हटलंय. "मतदान लावलं ते गंमत म्हनून, दादा. तुझं नाक कापून मला काय मिळणार हाय?" मी ऐकेना. शेवटी अश्विनीनं माझा मोबाईल घेतला, त्या एका मतावर बोट ठेवलं, आणि खाली नाव उघडलं. फोटोत फेटा माझा होता.

"आबा," ती म्हणाली, "चुकून दाबलं गेलं असंल. अजून बदलता येतं, पुन्हा दाबा."

पण मी एकदा दिलेलं मत बदलणाऱ्यातला नाही. तेव्हा मत आहे तिथंच आहे, आणि दिलेली ताकीदही मी मागं घेतलेली नाही. बाकी सगळ्या भावकीनं माझ्या मयताला खुशाल यावं. मला काही येता यायचं नाही.