शासनाने प्रशिक्षणाला पाठवलेला मुलगा

एकेचाळिसाव्या वर्षी मी सरकारी नोकरी सोडली, तेव्हा आमच्या कार्यालयापुढे मोठाच पेच पडला. माणसाची बदली झाली, तो निवृत्त झाला किंवा वारला तर काय करायचं हे ठरलेलं होतं. धडधाकट माणूस सिनेमा शिकायचा म्हणून राजीनामा देतो, याला पद्धत नव्हती. मग त्यांनी निवृत्तीचीच पद्धत लावली. शाल, श्रीफळ, हार, आणि 'उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो' असं लिहिलेलं मानपत्र. भाषणात एकाने मला नातवंडांत रमायचा सल्ला दिला. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. जेवणाच्या वेळी एका बाईंनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तब्येतीचं काही आहे का हो?" बायको शाळेत शिकवते, तिला असल्या प्रश्नांची सवय आहे. ती म्हणाली, "आहे ना. पण त्यावर औषध नाही."

मी चौदा वर्षं तलाठी होतो. बाबाही महसूल खात्यातलेच. तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी इंदिरानगरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. राजीनाम्याची बातमी मी त्यांना जेवताना दिली. त्यांनी शांतपणे ताक-भात संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "बिनपगारी रजा मिळते. अर्ज कर." मी म्हटलं, "बाबा, राजीनामा मंजूर झालाय." त्यानंतर सात महिने ते या विषयावर माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

इतरांशी मात्र बोलत होते. ते मला एका सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा कळलं. बाबांच्या फिरायला जाण्याच्या कंपूतले दोघं जण रस्त्यात भेटले. एक निवृत्त पोस्टमास्तर, दुसरे कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेले. पोस्टमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय, ट्रेनिंग कसं चाललंय? शासनाने पाठवलं म्हणे फिल्मच्या कोर्सला. आता जमिनीची मोजणी सगळी ड्रोनवर होणार ना!" दुसरे म्हणाले, "शासन सुधारलं बुवा."

मी काय सांगायला हवं होतं? मी म्हणालो, "छान चाललंय." आणि दूध घेऊन घरी आलो. पण ते मनाला फार लागलं. चोरी करून तुरुंगात गेलेल्या मुलाला लोक 'दुबईला असतो' म्हणतात, तशातली गत. बाबांनी चारचौघांत एकदा, फक्त एकदाच, खरं सांगावं एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षात हवी होती. मागायची हिंमत मात्र नव्हती.

इकडे शिक्षण जोरात चाललं होतं. संस्था शहरातच, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. वर्गात सगळी विशीतली मुलं. मला दादा म्हणावं की काका, यावर त्यांच्यात मतभेद झाले आणि शेवटी 'सर'वर एकमत झालं, त्यामुळे आमच्या खऱ्या सरांची पंचाईत झाली. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते वर्गात आले की मी उठून उभा राहायचो आणि त्यांना काय करावं ते सुचायचं नाही.

पहिला अभ्यास होता, 'गावातली सकाळ'. मी आपला घोटीजवळच्या एका गावी गेलो. तिथे मी पाच वर्षं तलाठी होतो, माणसं ओळखीची. तेच नडलं. अवकाळीने भात आडवा झाला की पंचनाम्यासाठी मी तिथे फोटो काढायचो, आणि त्या फोटोंची एक रीत असते. नुकसान झालेल्या जागेशेजारी मालकाने उभं राहायचं आणि नुकसानीकडे बोट दाखवायचं. मीच त्यांना शिकवलेलं. आता मी कॅमेरा काढला तर एक आजी घाईघाईने आत गेल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि आपल्या चुलीकडे बोट दाखवून ताठ उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, सातबाऱ्याची झेरॉक्स लागंल का?"

"आजी, नुकसान झालेलं नाही काही. सिनेमा काढतोय."

"नुकसान नाय तं फोटू कशाचा?" आजींनी विचारलं. बोट तसंच होतं.

या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. दुपारपर्यंत माझ्याकडे अकरा माणसं जमा झाली होती, आणि ती शेळी, नळ, सायकल, पिंपळ अशा धडधाकट वस्तूंकडे बोट दाखवत होती. वर्गात ते दाखवलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. सर म्हणाले, "प्रयोगशील आहे." खात्यात शिकलेली एक गोष्ट इथेही उपयोगी पडली, वरिष्ठ खूश असतील तर खुलासा करायचा नाही.

दुसरा अभ्यास होता, 'घरातलं माणूस, त्याच्या कामात'. बायको शाळेत येऊ देईना. उरले बाबा. निवृत्त माणसाचं काम काय दाखवणार? मग मी त्यांना भीत भीत विचारलं, पूर्वीसारखा एखादा पंचनामा लिहून दाखवाल का? बाल्कनीत गळतंय, त्याचाच लिहा.

बाबांनी सात महिन्यांत प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "लुटुपुटूचा पंचनामा मी करत नाही. पंच लागतील. मी बोलावतो."

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पंचनाम्यात पदरचं अक्षर घातलं नव्हतं, असं खात्यातले जुने लोक अजून सांगतात. त्या सांगण्यात थोडा वैतागही असतो.

रविवारी सकाळी पोस्टमास्तर आणि ते दुसरे काका हॉलमधल्या सोफ्यावर येऊन बसले. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. मी कॅमेरा लावला, आधी गळती बघायला सगळ्यांना बाल्कनीत न्यायला निघालो. बाबा म्हणाले, "बस. इथेच आहे." त्यांनी कोरा कागद घेतला आणि जुन्या सवयीने मोठ्याने वाचत लिहू लागले.

"आज रोजी आम्ही खाली सह्या करणारे पंच, इंदिरानगर, नाशिक येथे समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर घरात राहणारा इसम, वय एकेचाळीस, याने शासकीय नोकरीचा स्वेच्छेने राजीनामा दिलेला आहे."

लेखणी थांबली नाही. कुणाकडे बघणंही नाही.

"सदर इसमास शासनाने कोणत्याही प्रशिक्षणास पाठवलेले नाही. तशी माहिती पंचांस यापूर्वी देण्यात आली होती. ती खोटी होती."

"म्हणजे ड्रोन नाही?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले आणि पुढे लिहू लागले. "राजीनाम्याचे कारण विचारले असता…"

इथे ते थांबले. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांत नातेवाईक, शेजारी, सासुरवाडी, सगळ्यांनी मला कारण विचारलं होतं आणि माझं उत्तर पाठ होतं. बाबांनी विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं तर माझी बोबडी वळली.

"सांगा," बाबा म्हणाले. जबाब घेताना ते सगळ्यांनाच अहो-जाहो करत.

"आवडतं म्हणून," मी म्हणालो. दुसरं काही आठवेना. "लहानपणापासून आवडतं. भीती वाटत होती म्हणून इतकी वर्षं केलं नाही."

"कसली भीती?"

"तुमची."

दोन्ही पंच पंख्याकडे बघू लागले. बाबांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं, फक्त 'तुमची'च्या जागी 'वडिलांची' असं घातलं. शेवटी त्यांनी खाली एक ओळ लिहिली आणि ती मात्र मोठ्याने वाचली नाही. पंचांच्या सह्या घेतल्या, स्वतः सही केली आणि कागद माझ्यासमोर धरला.

'खुलासा मान्य.'

असं वाक्य पंचनाम्यात येत नाही. पंचनाम्यात दिसेल तेवढंच लिहायचं. मान्य-अमान्य ठरवणं हा वेगळा कागद, वेगळं काम. हे मला ज्यांनी शिकवलं ते माझ्यासमोर बसले होते. "बाबा, हे वाक्य इथे बसत नाही," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि तरी तोंडातून हेच निघालं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "राहू दे तसंच."