कपाळाला कपाळ लावून

उडत्या विमानाच्या पंखांवर मुली नाचतात, असला अचाट प्रकार असलेला एक जुना कृष्णधवल हॉलिवूडपट माझ्या नवऱ्याला फार प्रिय. त्यातले नायक-नायिका आज कुणाला आठवतही नसतील. पण बाजूच्या कामाला घेतलेली एक जोडी त्यात पहिल्यांदा एकत्र नाचली, कपाळाला कपाळ लावून, आणि पुढे जगभर तीच गाजली. "हिरो बघत बसला आणि हे दोघं पिक्चर घेऊन गेले," असं हे दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी मी म्हणायची, "हो, मागच्या वेळीही घेऊन गेले होते."

आम्हा दोघांत मात्र नाचाचं नावच नव्हतं. रस्त्यात हे चार पावलं पुढे आणि पिशव्या घेऊन मी मागे. मग ह्यांना पार्किन्सन्स झाला. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटायचे. फिजिओ म्हणाली, गाण्याच्या ठेक्यावर कधी कधी पाय सुटतात. म्हणून मी तो सिनेमा लावला, ह्यांचे हात धरले, कपाळाला कपाळ टेकवलं आणि उलटी चालू लागले. पाय सुटले! खुर्चीपासून बाथरूमपर्यंत आम्ही नाचत गेलो. माझं कुंकू ह्यांच्या कपाळावर उमटलं. आरशात बघून म्हणाले, "आता मलाही हळदीकुंकवाला बोलावतील."

पण हे रोज जमायचं नाही. बहुतेक वेळा हे माझ्या अंगावर कोसळायचे आणि आम्ही दोघं पॅसेजमध्ये पडून राहायचो. माझ्या पाठीची वाट लागली होती. उचलायला कुणी मिळालं नाही तर ह्यांना कायमचं नर्सिंग होममध्ये, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांच्या संस्थेत, ठेवण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्या नुसत्या कल्पनेने हे लहान मुलासारखे रडत.

इथे इंग्लंडमध्ये अशी मदत कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, देते. ती गरज आहे का ते बघायला कौन्सिलच्या बाई घरी असेसमेंटला येणार होत्या. मग मी काय केलं? कुठलीही मराठी बाई करेल तेच. घर लखलखीत केलं, ह्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कांदेपोहे केले. परक्या माणसापुढे आपली दैना कशाला दाखवायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. कसं जमतं, असं बाईंनी विचारल्यावर हे रुबाबात म्हणाले, "वुई मॅनेज!" मी गाणं लावलं. आणि ते मेले पाय नेमके त्याच दिवशी असे सुटले की बाईंनी टाळ्या वाजवल्या. पोहेही दोनदा घेतले.

पुढच्या आठवड्यात फोन आला. ह्यांचं छान चाललंय, सध्या मदतीची गरज दिसत नाही.

इथेच वाढलेली लेक बेसिंगस्टोकहून फोनवर तिच्या तोडक्या मराठीत कडाडली. "आई, पोहे कशाला दिला? मुलगी दाखवायची होती का? मी रिव्ह्यू मागते. आणि या टाइमला तू बाबांना हेल्प नाही करायचं. जस्ट सिट. कौन्सिलवाल्यांना बघू दे."

दुसऱ्या खेपेला एक तरुण गृहस्थ आले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ह्यांची दाढी वाढलेली, शर्टावर आमटीचे डाग, मी मुद्दाम ठेवलेले. बाथरूमपर्यंत चालून दाखवता का, असं त्यांनी विचारलं. हे कसेबसे उठले आणि दोन पावलांवर अडकले. मग माझ्याकडे बघून ह्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मी सोफ्यावर बसून राहिले.

ह्यांना वाटलं, माझं लक्ष नाही. "अगं, ये ना," म्हणाले. मी कार्पेटकडे बघत राहिले. मला तिथल्या तिथे मरण आलं असतं तर बरं झालं असतं. ह्यांचे हात तसेच पुढे होते. पँट ओली झाली. गृहस्थांनी नजर वळवली आणि ते टॅबलेटवर टाइप करायला लागले.

मदत मंजूर झाली. आता सकाळ-संध्याकाळ दोन बायका येतात आणि ह्यांना यंत्राच्या झोळीत घालून उचलतात. स्वभावाने चांगल्या आहेत. नर्सिंग होम टळलं, म्हणजे आम्ही जिंकलो म्हणायचं. माझ्याशी हे कामापुरतं बोलतात. मी समजावून सांगितलं, लेकीनेही सांगितलं. ह्यांनी मान हलवली. समजलं असणार, डोकं शाबूत आहे अजून. तेच तर वाईट आहे.

परवा त्या बायकांना ट्रॅफिकमुळे उशीर झाला. ह्यांना बाथरूमला जायचं होतं. मी समोर गेले, ह्यांचे हात धरले. ह्यांनी एकेक बोट सोडवून घेतलं.

"त्या येतील," म्हणाले.

त्या आल्या तोवर ह्यांची पँट ओली झाली होती.