टाका नको, पण शिवावं लागंल

नर्समावशी गेल्या, असा त्यांच्या लेकीचा उदगीरहून फोन आला, तेव्हा मी इथे नांदेडला कारली चिरत होते. बोट कापलं. नळाखाली धरून हमसून हमसून रडले. सून म्हणाली, "आई, एवढंसं तर कापलंय!" आता तिला काय कपाळ सांगणार? महिना झाला त्याला.

बहात्तरच्या दुष्काळात वडील चाकूरजवळच्या एका गावी मास्तर होते. मी आठ-नऊ वर्षांची. विहिरीवर बादलीच्या पत्र्यानं माझी करंगळी फाटली. सरकारी दवाखान्यातल्या कौसल्या नर्सबाई बौद्धवाड्यातल्या, म्हणून आमच्या सोवळ्याच्या आईनं मला पढवून पाठवलं. तिथे खडी फोडणाऱ्या बायांची रांग, एकेकीचं बोट ठेचलेलं. त्या सगळ्यांसमोर मी दीडशहाणी ठणकावून बोलले, "पट्टी वरून टाका. मीच लावते!" नर्सबाईंनी पत्र्याच्या रिळावरची जाड कापडी चिकटपट्टी कात्रीनं कापली आणि वरून माझ्या ओंजळीत सोडली.

घर येईपर्यंत ती गळून पडली. ती पट्टी आताच्यासारखी आपोआप चिकटायची नाही. अंगठ्यानं दाबून धरावी लागायची, हाताची ऊब लागली की मग धरायची. तिसऱ्या दिवशी बोट टम्म सुजलं, ताप भरला, तशी आईच मला ओढत घेऊन गेली. नर्सबाईंनी लांबूनच बोट पाहिलं. म्हणाल्या, "वहिनी, टाका न्हाई लागायचा. पण शिवावं लागंल."

रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. आई खाली मान घालून उभी… मग पुटपुटली, "शिवा."

त्यांनी पू काढला, लाल औषध लावलं, पट्टी बसवली आणि अंगठा दाबून मोठ्यानं धा मोजले. "हात लागल्याबिगर चिकटत न्हाई, बाई," एवढंच मला म्हणाल्या.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. मी उदगीरला शाळेत शिक्षिका म्हणून लागले, त्याही बदलून तिथेच आल्या आणि माझ्या मावशी झाल्या. त्यांच्या ड्रेसिंगच्या पेटीवर 'जि. उस्मानाबाद' होतं. त्यावर चिकटपट्टी मारून त्यांनी पेनानं 'लातूर' लिहिलं. "नवी पेटी यीऊस्तोर कोन थांबतंय!" शाळा सुटली की मी चहाला त्यांच्याकडे. आई आली तर मात्र म्हणायची, "आत्ताच झालाय." शेवटपर्यंत.

मला माफी मागायची होती. आज, उद्या, करत चाळीस वर्षं घालवली. गेल्या उन्हाळ्यात एकदाचा धीर केला. "मावशी, तेव्हा मी…"

"बोट दाखव." करंगळीवरचा पांढरा व्रण त्यांनी चाचपला. "हाय की अजून. बरं झालं. न्हाईतर इसरली असतीस." आणि चहा टाकायला उठल्या. माफ केलं की नाही, मला कळलं नाही.

परवा त्यांच्या लेकीनं ती पेटी माझ्याकडे धाडली. 'लातूर'चं एक टोक सुटून आलंय. मी त्यावर अंगठा दाबून धरला, मोठ्यानं दहा मोजले. उचलला, तर टोक पुन्हा वर.

मग पहिल्यापासून मोजायला लागले.