पश्चिमेला दार असलेली झोपडी

अमानवी वगैरे मजकूर डेस्कवर आला की मी तो न वाचताच बाजूला सारत असे. आजही सारेन. म्हणून इथे आधी घटनांचा क्रम नीट देतो... मग तुम्ही ठरवा.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कतारमध्ये, दोह्यात एका इंग्रजी दैनिकात मी उपसंपादक होतो. अल मुंतझा भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो – मी आणि रत्नागिरीचे दाऊदभाई, एसी मेकॅनिक. त्यांचा धाकटा भाऊ नासिर एका कंपनीची पिकअप चालवायचा.

बुधवारी माझ्याकडे परीक्षणासाठी एक कादंबरी आली. अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या श्रद्धांवर बेतलेली, काळीकुट्ट. कातडं पांघरून जनावर होणारा माणूस – ज्याच्याबद्दल ते लोक बोलणंही टाळतात – असं बरंच काही. मी पेन्सिल घेऊनच वाचतो. तथ्याची चूक दिसली की समासात प्रश्नचिन्ह. त्या दुपारी दोन चिन्हं केली, एकाच परिच्छेदाजवळ. त्यात हरवलेल्या माणसाचा शोध घेणारी एक बाई होती. त्यांच्या शोधाच्या रीतीप्रमाणे तिचा हात थरथरू लागतो आणि ती सांगते – तो जिवंत आहे, शिंपल्यांच्या भिंतीच्या झोपडीत बसलाय, दार पश्चिमेला आहे. नवाहोंच्या झोपडीचं दार पूर्वेला असतं, आणि त्या वाळवंटात भिंतीला शिंपले कुठून येणार? म्हणून दोन चिन्हं.

गुरुवारी सकाळी नासिर उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाकडे सामान पोचवायला गेला. दुपारी धुळीचं वादळ आलं. तो परतला नाही. मोबाइल बंद. पोलीस हायवेच्या बाजूने शोधत होते.

शुक्रवारी नमाजाहून आल्यापासून दाऊदभाई फोनजवळ बसून होते. रत्नागिरीहून आईचा फोन तीनदा येऊन गेला.

"एडिटरसाहेब, काहीतरी वाचा मोठ्यानं. डोकं फिरतंय माझं."

"इंग्रजी आहे, दाऊदभाई. भुताखेताचं."

"मग मराठीत सांगा. रोज बातम्या फिरवता ना इकडच्या तिकडं?"

मी वाचता वाचता मराठी करत गेलो. शिंपल्यांच्या भिंतीपाशी त्यांनी माझा हात धरला.

"शमालच्या पुढं जुनी ओस गावं आहेत. समुद्रातल्या दगडांची घरं. भिंतीत शिंपले दिसतात."

"ही कादंबरी आहे. अमेरिकेतली."

"असू दे. हितं फोनपाशी बसून तरी काय करणार? यल्ला, चला."

तास-दीड तास लागला. किनाऱ्याजवळ ओलसर मिठाळ जमिनीत नासिरची पिकअप रुतलेली दिसली; वादळात तो हायवे सोडून भरकटला होता. पुढे पडकी वस्ती. सगळी घरं पाहिली नाहीत. दाऊदभाई फक्त पश्चिमेकडे, समुद्राकडे दार असलेली शोधत होते. तिसऱ्या घरात नासिर होता. पाय सुजलेला, ओठ फाटलेले, बाटलीत दोन घोट पाणी.

"किती वेळ लावलात..." तो पुटपुटला.

"आई तिकडं काल रात्रीपासून जेवली नाही, आणि तू हितं सावलीत बसलायस!" असं ओरडत दाऊदभाईंनी त्याला छातीशी धरलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

रविवारी परीक्षण लिहायला पुस्तक उघडलं. माझी दोन्ही प्रश्नचिन्हं जागेवर होती. शेजारी छापलं होतं – लाकडी ओंडक्यांची, मातीने लिंपलेली झोपडी, दार पूर्वेला. चूक काहीच नव्हती. पुढेमागे सगळी पानं तपासली. नंतर दुसरी प्रत मिळवली, तीही तशीच.

शुक्रवारी काळजीत असताना मी चुकीचं वाचलं असेन, हे मान्य. पण चिन्हं बुधवारची. तेव्हा नासिर निघालाही नव्हता.

पाय बरा झाल्यावर नासिर आमच्या फ्लॅटवर आला; दाऊदभाईंकडून त्याने सगळं ऐकलं होतं. "माझ्यावर लिहिलंय ते वाचून दाखवा," म्हणाला. मी छापलेलं होतं तसंच मराठीत सांगितलं.

त्याने पानावर बोट ठेवलं.

"दार पूर्वेला? हे माझं नाही."

"नाही."

"मग माझं कुठं गेलं?"

मी पेन्सिल घेतली आणि त्या दोन चिन्हांशेजारी तिसरं प्रश्नचिन्ह केलं.