भावजी : कितीही फेरे

किस्से कसे साठतात, सांगू? पंपहाउसमध्ये दोन खुर्च्या आणि चहाचा एक स्टोव्ह ठेवा. बाकीचं आपोआप होतं. आमच्याकडे बारा वर्षं तेच झालं. फरक इतकाच, की आमचे किस्से पुढे कामाला आले. अगदी खोऱ्या-कुदळीच्या कामाला!

रत्नागिरीच्या दक्षिणेला, सड्यावर, आमचा गोल्फ कोर्स आहे. अठरा होल. खाली कातळ, वर ट्रकने आणलेली माती, आणि तिच्यावर माणसाच्या हट्टाने उगवलेलं गवत. त्या गवताच्या पाण्याचा मी इन-चार्ज.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी मी सहा नंबरवर डबे मोजत होतो. स्प्रिंकलर सगळीकडे सारखं पाणी टाकतात का, हे बघायला गवतावर ओळीने रिकामे डबे ठेवायचे, पंधरा मिनिटं पाणी सोडायचं आणि प्रत्येक डब्यात किती पडलं ते लिहायचं. अठरा डबे झाले होते, सहा राहिले होते. सुभाष एक जळलेली मोटार रिवाइंडिंगला घेऊन लांज्याला गेला होता.

फोन वाजला. नाव त्याचंच. मी म्हटलं, "काय रे, आता जेवूनच निघणार काय?"

पलीकडून अनोळखी आवाज आला. "तुम्ही यांचे भावजी काय? फोनमध्ये पहिलं नाव तेच दिसतंय."

सुभाष दुकानात चहा पिता पिता खुर्चीतच गेला होता.

* * *

सुभाष माझ्या बायकोचा, वंदनाचा, धाकटा भाऊ. कोर्ससाठी पहिला चर खणला तेव्हापासून तो इथे होता. मी दोन वर्षांनी आलो, त्यानेच आणलं, आणि इन-चार्ज म्हणून त्याच्या डोक्यावर बसलो. तो मला भावजी म्हणायचा. त्याचं ऐकून माळी भावजी म्हणायला लागले, मग ड्रायव्हर, मग कॅन्टीन. शेवटी कोल्हापूरकडचे आमचे मॅनेजरही एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "भावजी, रिपोर्ट कुठाय?"

एका मेव्हण्यापायी मी अख्ख्या कोर्सचा भावजी झालो!

* * *

गवताखाली आमचे एकोणीस मोठे व्हॉल्व्ह पुरलेले आहेत. पाइप फुटला की त्या भागाचं पाणी त्यांनी तोडायचं. झाकणांवर गवत चढतं, मग डोळ्यांना काही दिसत नाही. नकाशा आहे, पण त्यात पाइप सरळ रेषेत जातात. खणताना मध्ये कातळ आला तिथे कंत्राटदाराने पाइप वळवले आणि नकाशा तसाच ठेवला. सुभाष म्हणायचा, "भावजी, नकाशा चुकीचा नाय. कातळाने तो वाचला नाय, एवढंच."

सगळे व्हॉल्व्ह त्याच्या डोक्यात होते. त्याच्या मागे एक वही निघाली. तिच्यात व्हॉल्व्हची नावं आणि बंद करायला लागणारे फेरे, एवढंच. पुणेकर, चौदा फेरे. वांदर, अकरा. खरवस, अठरा. जागा एकाचीही नाही. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं : भावजी. त्याच्यापुढे आकडा नव्हता. 'कितीही' असा शब्द होता.

मॅनेजर म्हणाले, "कन्सल्टंट बोलवू. मशीन लावून सगळं खोदू."

मी म्हटलं, "मला मे अखेरपर्यंत द्या. ही नावं कशावरून पडली ते मला माहीत आहे. जिथे किस्सा घडला, तिथे व्हॉल्व्ह आहे."

"भावजी, किश्श्यांवर कोर्स चालत नाही!"

पण त्यांनी मुदत दिली. मुदत महत्त्वाची होती. वरच्या अंगाला आमचं तळं आहे, त्याच्या भिंतीवर सुभाषने रंगवलेला पांढरा पट्टा आहे. पट्ट्याच्या वरचं पाणी गवताचं, खालचं वाडीचं. सड्याखालच्या वाडीच्या विहिरी मे महिन्यात तळ दाखवतात, तेव्हा तिच्या नळाला हेच पाणी जातं. मेन पाइप फुटला आणि व्हॉल्व्ह सापडला नाही, तर तळं उताराने रिकामं होणार. पंप बंद करून काही उपयोग नाही. मी ठरवलं, एकही खड्डा आंधळा खणायचा नाही आणि एकही व्हॉल्व्ह सोडायचा नाही.

* * *

पुणेकर पहिल्याच दिवशी सापडला.

एका एप्रिलमध्ये पुण्याचे एक पाहुणे सकाळी आले आणि त्यांनी तक्रारवहीत लिहिलं : 'गवत पिवळे आहे. पाणी घालत नाही काय?' उन्हाळ्यात आम्ही फक्त ग्रीन, म्हणजे भोकाभोवतालचा तुकडा, हिरवा ठेवतो. बाकीचं गवत तहानलेलंच असतं. दुपारी याच पाहुण्यांनी तिसऱ्या होलला चेंडू मारला. कडक जमिनीवर तो घरंगळत सुटला तो थांबेचना! पार ग्रीनच्या तोंडाशी गेला. आयुष्यात त्यांचा चेंडू कधी इतका लांब गेला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी वही परत मागवली, सकाळचं वाक्य खोडलं आणि लिहिलं : 'पाणी घालू नये.'

सुभाष म्हणाला, "पुणेकराने स्वतःचं वाक्य खोडलं! भावजी, इथे दगड रोवायला हवा."

चेंडू थांबला होता तिथे मी पहार टेकवली. ठक्!

* * *

वांदराला दोन दिवस लागले.

डब्यांच्या परीक्षेला आम्ही कॅनिंग फॅक्टरीतले आंब्याच्या रसाचे रिकामे डबे आणले होते. धुतले होते, पण वास काय जातो? बाराव्या होलवर पाणी पडत असतानाच एक वांदर आलं, नऊ नंबरचा डबा उचलून रस समजून तोंडाला लावला, पाणी लागलं म्हणून रागाने कातळावर आपटला आणि डब्यासकट पळालं. सुभाषने तक्त्यात प्रामाणिकपणे लिहिलं : 'डबा ९ : वांदराने नेला.'

हेड ऑफिसहून मेल आली : 'डबा क्रमांक नऊमधील पाण्याची नोंद त्वरित कळवावी.'

सुभाषने उत्तर पाठवलं : 'वांदर रजेवर आहे. आल्यावर विचारून कळवतो.'

कातळावर त्या आपटण्याचा पोचा अर्थातच नव्हता. पण त्या कातळाशेजारीच सुभाषने पोट धरून बसकण मारली होती, ती जागा मला आठवत होती.

* * *

आता एक माझ्यावरचाही सांगतो, म्हणजे पक्षपात नको.

मला रोज संध्याकाळी चौदाव्या होलचं गवत बघायची सवय. रंगात काहीतरी कमीजास्त वाटायचंच. मग मी सुभाषला सांगायचो, "चौदाचं अर्धा फेरा कमी कर." कधी, "पाव फेरा वाढव." तो कधी वाद घालायचा नाही. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकायचा, चौदाला जायचा आणि घाम पुसत परत यायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गवत दाखवायचो. "बघितलंस? अर्ध्या फेऱ्याने किती फरक पडतो!"

"तुमची नजरच वेगळी, भावजी!"

गुहागरच्या पोफळीच्या बागेत शिपणं करत वाढलेला माणूस. कॉम्प्युटरवरच्या पाण्याच्या प्रोग्रामलाही तो 'आजचं शिपणं' म्हणायचा. अशा माणसाने माझ्या नजरेला दाद द्यावी, याचं मला फार बरं वाटायचं.

* * *

मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सतरा सापडले. राहिले दोन, खरवस आणि भावजी.

खरवसचा किस्सा सगळ्यांना पाठ होता. बंगळूरचे एक कन्सल्टंट जमिनीतला ओलावा मोजायचं मीटर घेऊन आले होते. त्यांनी सळई खुपसली, ती खालच्या जांभ्यावर वाकली. दुसरी खुपसली, तीही वाकली! तेव्हा आमच्या माळीणबाई कुसुमताईंनी कमरेची सुरी काढली, गवतात खुपसली आणि वर काढून त्यांच्या नाकासमोर धरली. "खरवस शिजला काय ते कसं बघतात? तसंच. माती चिकटली, पाणी नको. सुरी कोरी, पाणी द्या."

कन्सल्टंटनी त्यांच्या रिपोर्टमध्ये सुरीचा फोटो लावला!

हे घडलं सात नंबरच्या ग्रीनपाशी. तिथे मी तीन दिवस पहार मारली. काही नाही.

आणि एका सकाळी तिथूनच थोडं खाली मेन पाइप फुटला. पाणी माडाएवढं उडालं. पंप बंद केला, तरी तळ्यातून लोंढा सुरूच. मॅनेजर फोनवर ओरडत होते. मी सातच्या ग्रीनवर वेड्यासारखी पहार मारत होतो. तेवढ्यात कुसुमताई पदर खोचून धावत आल्या. त्या खालच्या वाडीतल्याच.

"भावजी, हितं काय करताव? हितं त्याची सळी वाकली! सुरी मी खुपसली ती आठाच्या टीवर! सावली होती म्हनून सगळे तिकडं गेलो न्हवतो काय?"

आणि त्या पुढे, मी मागे. आठच्या टीवर, म्हणजे जिथून त्या होलचा पहिला चेंडू मारतात तिथे, त्यांनी चार ठिकाणी टाच आपटली. पाचव्या ठिकाणी पोकळ वाजलं. दोघांनी मिळून चावी फिरवली. मी मोठ्याने मोजत होतो. अठराव्या फेऱ्याला लोंढा थांबला.

मग आम्ही तळ्यावर गेलो. कुसुमताईंनी पट्ट्यावर हात आडवा धरला. पाणी पट्ट्याच्या चार बोटं वर होतं.

"चार बोटं," त्या म्हणाल्या. "तेवढं तुमच्या गवताला पाजा. आमच्याला हात लावायचा नाय."

* * *

राहिला भावजी.

या नावाचा किस्सा मला आठवेना. माझंच नाव, आणि मलाच ठाऊक नाही! एका दुपारी वंदना फणसाचे गरे काढत बसली होती. मी तिला वही वाचून दाखवली. पुणेकरला ती नुसती मान हलवत होती. वांदरालाही. मग मी वाचलं, "भावजी, कितीही."

ती हसायला लागली. हाताला तेल, त्यामुळे तोंडही झाकता येईना. जानेवारीनंतर मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"सांग ना."

"त्याने शपथ घातलीय मला. चौदाला बघा, करवंदीच्या जाळीमागे."

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गेलो, तर माळी, ड्रायव्हर, कॅन्टीनवाला, सगळे आधीच येऊन उभे. कुसुमताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

झाकणावर गवत नव्हतंच. आतला व्हॉल्व्ह घासून चकचकीत झाला होता. सबंध कोर्सवर इतका वापरलेला दुसरा व्हॉल्व्ह नसेल. मी बाजूची माती उकरली. उजवीकडे पाइप नव्हता. डावीकडे उकरली. तिकडेही नव्हता.

कुसुमताई खालीच बसल्या. "अर्धा फेरा फिरवून बघा, भावजी! गवतात फरक पडतोय काय?"

मी चावी बसवली आणि अर्धा फेरा फिरवला.

नवा नकाशा आता तयार आहे. अठरा व्हॉल्व्ह, जागेसकट, फेऱ्यांसकट. मॅनेजर रोज विचारतात, "भावजी, त्या एकोणिसाव्याचं काय ते करा. नकाशावर तरी काढा, नाहीतर जमिनीतून तरी काढा!"

दोन्ही अजून राहिलं आहे.