बटणावरचा अंगठा

विजयश्रीबाई हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाची, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या. लायसन्स हातात आलं, रेडिओवर ओळख सांगायचा कॉलसाइन मिळाला, तरी सेट आपला कपाटात साड्यांच्या घड्यांखाली. सून दिव्या म्हणायची, "आई, लायसन्स फ्रेम करून लावू का भिंतीवर?" बाई हसण्यावारी न्यायच्या. खरी भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आपण हाक मारली आणि कुणी ओ दिलीच नाही तर?

ही भीती उगाच नव्हती. एके काळी चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्याचं टेलिफोन एक्सचेंज म्हणजे विजयश्रीबाई. तोंड फारसं कुणी पाहिलेलं नाही, पण आवाज फाउंड्रीपासून कॅन्टीनपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. दिवाळीत त्यांच्या खोलीत फराळाचे इतके डबे यायचे की बोर्डावर हात ठेवायला जागा उरायची नाही. मग टेबलाटेबलावर थेट फोन आले, पाठोपाठ खिशाखिशात मोबाइल, आणि तो बोर्ड भंगारात गेला. बाईंना स्टोअरमध्ये पावत्या लावायला बसवलं. त्यांच्या आवाजाची पुन्हा कुणाला गरज पडली नाही, आणि हे त्यांना फार लागलं होतं.

हॅम रेडिओच्या क्लबनं नव्या लायसन्सवाल्यांसाठी निगडीत कार्यशाळा ठेवली, तेव्हा दिव्यानं त्यांना जवळजवळ ढकलतच नेलं. शिकवायला जास्मिन होती, चाकणच्या कंपनीतली तरुण इंजिनिअर. तिनं सगळ्यांना गच्चीवर नेलं.

"पास झालेले निम्मे लोक पुढे बोलतच नाहीत," ती म्हणाली. "आज प्रत्येकानं एक हाक मारायचीच. टेकडीवरचा रिपीटर तुमचा आवाज पार खेडपर्यंत पोचवेल."

बाईंची पाळी आली. घसा खाकरून त्यांनी सेटचं बटण दाबलं, कॉलसाइन सांगितला आणि म्हणाल्या, "कुणी ऐकत असेल तर उत्तर द्या." मग थांबल्या. सेट मख्ख. आणखी थोडं थांबल्या. काही नाही. बाईंचा चेहरा उतरला.

"बघ जास्मिन," त्या हळूच म्हणाल्या, "कुणी नाही. चिंचवडचं अख्खं एक्सचेंज सांभाळलं मी. नुसतं हॅलो म्हटलं की लोक ओळखायचे. आता कोण ओळखतंय."

जास्मिनचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं आणि तिला हसू आवरेना. "काकू, अंगठा उचला. बटण दाबलेलं असेल तोवर आपल्याला काही ऐकू येत नाही. उलट मघापासून सगळ्यांना तुमचंच ऐकू जातंय."

सगळी हयात टेलिफोनवर गेलेली. तिथं बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं. बाईंनी चटका बसल्यासारखा अंगठा काढला. त्याबरोबर सेटमधून गलका बाहेर पडला, सगळे एकदम बोलत होते. त्या खरखरीतून देहूरोड, चाकण, राजगुरुनगर एवढंच काय ते कळत होतं. जास्मिन मदतीला पुढे झाली, पण बाईंची पाठ तोवर ताठ झाली होती.

"एकेकानं बोला. देहूरोड, आधी तुम्ही. मग चाकण. राजगुरुनगर, होल्ड करा हं."

गलका थांबला. देहूरोडचा प्रीतम बोलला, मग चाकणचे गॅरेजवाले चांदभाई बोलले, अगदी शहाण्या मुलांसारखे आपापल्या पाळीला. शेवटी बाई म्हणाल्या, "राजगुरुनगर, बोला."

"नमस्कार बाई. मी लक्ष्मणराव, आपल्याच कंपनीतला, फोर्ज शॉपचा. आता रिटायर हाय. तुमी मागं बी मला असंच होल्डवर ठेवलं व्हतं. मंडळी खेडच्या दवाखान्यात, अन् लाइन काही लागंना. तुमची शिफ्ट संपली तरी तुमी लावत बसला. मुलगी झाल्याचं मला तुमच्याच तोंडनं कळलं. तो आवाज इसरंन व्हय मी?"

बाईंनी बटण दाबलं. "मुलगी कशी आहे?" एवढंच त्यांनी विचारलं आणि या वेळी अंगठा आठवणीनं उचलला. पुढचं रडणं सगळ्या तालुक्याला ऐकू जायला नको होतं.