माहेरी जन्मलेलं बाळ कुठल्या यादीत?

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग मला सांगा, नवजात बाळांवर संशोधन करायला बसलेली दहा-बारा शिकलेली मराठी माणसं, त्यातल्या निम्म्या बायका, त्यातल्याही बऱ्याच स्वतः माहेरी बाळंत झालेल्या, गावांच्या याद्या करताना नेमकी एवढीच गोष्ट कशी विसरली असतील?

त्या दहा-बारांत मी वयाने सगळ्यात लहान. म्हणून चुकीतला माझा वाटाही सगळ्यात लहान, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण बाळंतपणाला निघालेल्या लेकी आणि त्यांना न्यायला आलेले भाऊ एसटीत रोज माझ्या शेजारी बसायचे. तरी मलाही सुचलं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. केडगाव स्टेशनजवळ दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. कमी वजनाचं बाळ जन्मलं की ते पटकन गार पडतं. त्याला लगेच आंघोळ न घालता कोरडं पुसलं, आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून पांघरूण घेतलं आणि आईचं दूध सुरू केलं, तर ते ऊब धरतं. दवाखान्यात हे जमतं, असं डॉक्टर सांगत. पण शेतात जाणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या बाईच्या घरात जमेल का? आणि जमलं तर बाळ खरंच चांगलं वाढेल का? हे तपासायचं होतं. भीमेच्या अलीकडची, दौंड तालुक्यातली काही गावं एका यादीत. तिथे आम्ही गरोदर बायकांना हे सगळं शिकवायचो. पलीकडची, शिरूर तालुक्यातली तितकीच गावं दुसऱ्या यादीत. तिथे फक्त वजन करायचं आणि लिहायचं. बाळ आजारी दिसलं तर दोन्हीकडे दवाखान्यात पाठवायचं, पण पलीकडे शिकवायचं मात्र नाही. दोन्हीकडे शिकवलं तर तुलना कशाशी करणार?

आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. ‘कमळ’ वाचता यायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं. वडील दौंडला रेल्वेत होते आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीत पत्रकं वाटायचे. बाळाच्या आईची संमती घ्यायचा छापील कागद मी त्यांना दाखवला, तर त्यांनी लाल पेन काढलं.

“‘सदर मातेस उपरोक्त गटात समाविष्ट करण्यात येत असून,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हे कुठल्या मातेला कळायचं?”

“मी समजावून सांगते की, बाबा.”

“मग तू जे सांगती तेच का न्हाई छापलं? सही कागदावर घेणार, का तुझ्या तोंडावर?”

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनेच ऑफिसात गेले. डॉक्टर मॅडमनी कागद माझ्याच पुढ्यात सरकवला. “लिही मग तू.” मी लिहिला, अगदी पत्रकासारखा. मॅडमनी फक्त उद्गारचिन्हं काढली. नऊ होती.

खुटबावला शेवंतीचा मळा असलेल्या एका घरात नवी सून होती, सहावा संपत आलेला. मी वाळू भरलेली कापडी बाहुली घेऊन गेले आणि छातीशी कशी बांधायची ते दाखवलं. सासू पायरीवर बसून बघत होती.

“माकडीण पिलू घिऊन हिंडती तसं?”

“हो, तसंच.”

“आन् भाकरी कोण थापायची?”

“आत्याबाई थापतील,” सून म्हणाली. “माकडिणीला कुठं सासू असती.”

सासू हसली, पण उठून आत गेली. सुनेने बाहुली चार वेळा बांधली, चार वेळा सोडली. मी खुशीत परत आले. सातव्यात तिची ओटी भरली आणि ती माहेरी गेली. मी यादीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं लिहून टाकलं.

महिनाभराने, शुक्रवारी सकाळी, शिरूरकडच्या गावांचं काम बघणारी माझी मैत्रीण एसटीडी बूथवरून फोनवर बोलत होती.

“तुझ्या यादीतली ती खुटबावची सून माझ्या यादीतल्या गावात बाळंत झालीय गं. दिवस भरायच्या आधीच. मुलगी आहे, सतराशे ग्रॅमची. आज तिसरा दिवस. कुठल्या रकान्यात लिहू?”

फोन ठेवला आणि ऑफिसात चर्चा सुरू झाली. बाई अलीकडची, बाळ पलीकडचं. नाव जिथे नोंदलं तिथे धरायचं की जन्म झाला तिथे? कोणीतरी म्हणालं, अशा आणखी किती असतील? सगळ्यांनी आपापल्या याद्या काढल्या, आणि ‘गैरहजर’ हा शब्द पानापानावर दिसायला लागला. मोठ्या सरांना पुण्याला विचारायचं ठरलं. ते सोमवारी भेटणार होते.

“बाळ सोमवारपर्यंत थांबेल का?” मी विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तू जाऊन वजन करून ये. तब्येत बिघडलेली वाटली तर लगेच फोन कर, मी गाडी घेऊन येते. पण शिकवायचं नाही. आज एका घराला सूट दिलीस तर उद्या दहा घरांना देशील. वर्षाच्या शेवटी हातात काहीच उरणार नाही आणि हे कुठल्याच सरकारी दवाखान्यात पोचणार नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

चौफुल्यावरून शिरूरची एसटी पकडली. भीमेवरचा पारगावचा पूल ओलांडला की माझं तोंड बंद, असा हिशोब. मैत्रीण फाट्यावर उभी होती. खांद्यावर वजनाचा काटा आणि झोळी.

घरात शिरलो तर चुलीवर मोठं पातेलं तापत होतं, सुईण बाह्या सारून तयार बसली होती आणि बाळंतीण भिंतीला टेकून, बाळाला छातीशी धरून कोणाकडेच बघत नव्हती. तिच्या आईने मला बघितल्याबरोबर सुरुवात केली.

“बाई, आता तुम्हीच सांगा हिला. तिसरा दिस हाय. लेकराला पाणी न्हाई, तेल न्हाई. म्हणती, बाईंनी सांगितलंय. कोण त्या बाई?”

“ह्याच,” बाळंतीण म्हणाली.

मैत्रिणीने घाईघाईने सांगितलं, “यांनी या गावात बोलायचं नसतं, मावशी.”

“मग आल्या कशाला?” सुईण म्हणाली.

वजन केलं. सोळाशे सत्तर. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, हे मला माहीत होतं. पण बाळाच्या तळव्यांना हात लावला तर ते गार होते. आई तर त्याला सकाळपासून छातीशी धरून होती. मग गार कसं? मी बाळंतिणीचा पदर जरा बाजूला केला आणि कळलं. बाळाच्या अंगात जाड झबलं होतं, त्यावर दुपटं, खाली आईचा ब्लाउज. उघडं लेकरू बघवत नाही म्हणून आजीने ते घातलं होतं आणि लेकीने एवढं एक ऐकलं होतं. आईची ऊब बाळापर्यंत पोचतच नव्हती.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “मी करतीया ते बरुबर हाय का? येवढंच सांगा. सकाळपासनं एकटीच भांडतीया.”

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून दोनच शब्द गेले. “झबलं काढा.”

मग काय, पूल मागेच राहिला. झबलं काढलं, डोक्याला टोपरं घातलं, बाळ छातीवर सरळ ठेवलं, वरून लुगड्याने बांधलं. पातेलं खाली उतरवलं. तासाभराने मी तळवे पुन्हा बघितले. माझ्या हातांपेक्षा गरम होते. बाळाने दूधही ओढलं. मी फॉर्मच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘या घरी मी शिकवलं,’ आणि सही केली. नियम मोडला तर मोडला, पण लपवून मोडायचा नाही, एवढं मला पत्रकांनी शिकवलं होतं.

खरी अडचण पुढे आली. बाळंतिणीला जेवायचं होतं, आंघोळ करायची होती, झोपायचं होतं. तेवढ्या वेळात बाळ कोणाच्या छातीशी? आजीला चूल होती, जनावरं होती.

ओसरीवरून तिचे वडील आत आले. “मी धरतो,” म्हणाले आणि सदरा काढायला लागले.

“म्हाताऱ्याला लाज न्हाई,” आजी म्हणाली.

“नात हाय माझी. लाज कसली?”

“केस टोचतील की तिला.”

“मग तू धर. मी भाकरी थापतो.”

सुईणसुद्धा हसली. मी म्हटलं, “आप्पा, आधी हात साबणाने धुवा.” आप्पांनी कोपरापर्यंत धुतले, भिंतीला टेकून बसले, आणि नात छातीवर ठेवल्यावर श्वासही जपून घ्यायला लागले. “श्वास घ्या आप्पा, नाहीतर तीही घ्यायची नाही,” मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी मोठा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मॅडम येऊन बाळ तपासून गेल्या. दूध ओढतंय तोवर घरी ठेवा, रोज वजन करा, सुस्तावलं तर लगेच आणा, असं सांगून गेल्या. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा आजीने पाटावर सटवाई मांडली होती, पुढे कोरा कागद आणि पेन. ती येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणे. आम्ही घरी हे मानत नाही. मी वजन केलं, सोळाशे चाळीस. माझा चेहरा पडलेला आजीने बघितला आणि पाटावरचा तो कागद माझ्यापुढे धरला. “हितं लिवा. तिला बी कळू दे.” मी लिहिलं. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही.

दहाव्या दिवशी सतराशे वीस भरलं. मी आकडा मोठ्याने सांगितला, तर आप्पा म्हणाले, “परत करा. काटा खोटं बोलत आसंल.” परत केलं. सतराशे वीसच.

मधल्या सोमवारच्या बैठकीत मात्र माझी चांगली हजेरी घेतली गेली होती. मॅडम म्हणाल्या, लिहून ठेवलंस म्हणून नोकरीवर आहेस, नाहीतर नसतीस. मीही गप्प बसले नाही. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. पहिल्याच भेटीत ‘बाळंतपण कुठे करणार?’ हे विचारायचं आणि लिहायचं. आणि अठराशेच्या खालचं बाळ भीमेच्या कुठल्याही बाजूचं असो, त्याच्या आईला शिकवायचंच. बाळाच्या आजोळचं गाव मात्र यादीतून काढावं लागलं. आप्पांना बघायला सगळी आळी येऊन गेली होती, आणि शेजारच्या एका घरातल्या बाळाचंही झबलं निघालं होतं. आमचं वर्षभराचं काम तिथे वाया गेलं, हेही खरंच.

मुलगी दोन किलो चारशेची झाल्यावर आई तिला घेऊन खुटबावला सासरी आली. तोपर्यंत आईचे चार तास आणि आप्पांचे दोन, असा क्रम माहेरच्या घरात बसला होता. एकट्या आईवर सोडलं असतं तर ती दोन दिवसांत थकली असती आणि बाळ पुन्हा दुपट्यात गेलं असतं. हे आमच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. आम्ही सगळं शिकवत होतो ते बायकांनाच.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी कमी वजनाचं बाळ आलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं की घरातल्या एका पुरुषाला, बाप, आजा, मामा, जो असेल त्याला, हात धुऊन आणि सदरा काढून बसायला सांगा. पहिली पाळी आजच ठरवा.